हत्यारं कमी, धार जास्त

लाकडी जहाजाची प्रतिकृती करायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठकुठली हत्यारं घ्यावी लागतील?" आणि त्याला मिळणारं उत्तरही बहुधा ठरलेलंच असतं. एक लांबलचक यादी! टेबलावर बसणारी छोटी करवत, घासायचं यंत्र, विजेवर फिरणारं बारीक ड्रिल, पट्ट्या वाकवायचं तापणारं यंत्र, चार तऱ्हेचे शिकंजे... यादीची बेरीज केली की नवखा माणूस एकतर घाबरून विचारच सोडून देतो, नाहीतर उत्साहाच्या भरात सगळं घेऊन येतो. मग नव्याचे नऊ दिवस संपले की ती यंत्रं खोक्यात आणि खोकी माळ्यावर. दोन्ही प्रकारांत जहाज काही होत नाही.

आमच्या गोतावळ्यातल्या दोघातिघांनी गेल्या काही दिवसांत मला हेच विचारलं. प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकते.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या वर्षी मोटर असलेली एकही वस्तू विकत घेऊ नका. आठ-दहा हाताची हत्यारं पुरतात. ती धारदार ठेवायला शिका, आणि बाकी जे लागेल ते शक्यतो स्वतः बनवा. हे मत सगळ्यांना पटत नाही, ठाऊक आहे मला. म्हणून कारणं देते.

आधी थोडा इतिहास. (सवय जात नाही!) इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळ नॉर्मन क्रॉस नावाची युद्धकैद्यांची छावणी होती. १७९७ ते १८१४ या काळात फ्रान्सशी चाललेल्या युद्धांतले हजारो कैदी तिथे होते. त्या कैद्यांनी स्वयंपाकघरातून मिळालेल्या हाडांपासून जहाजांच्या प्रतिकृती केल्या आणि छावणीच्या दाराशी भरणाऱ्या बाजारात विकल्या. पीटरबरोच्या संग्रहालयात त्यांचं काम आजही ठेवलेलं आहे. हाडाच्या इवल्या इवल्या फळ्या, तोफा, दोरखंड... छायाचित्रांत पाहिलं तरी डोळे विस्फारतात. ही जहाजं मापाला नेहमीच बरोबर असतात असं नाही, कारण कैद्यांकडे नकाशे कुठले? पण हाताच्या सफाईत कुठे कमी नाहीत. त्याच्याही आधी, सतराव्या शतकापासून इंग्रजी आरमारासाठी केलेल्या लाकडी प्रतिकृती ग्रिनिचच्या संग्रहालयात आहेत. खालच्या अंगाला फळ्या न लावता आतला सांगाडा मुद्दाम उघडा ठेवलेला. तिथेही विजेचा प्रश्नच नव्हता.

यावर कोणी म्हणेल, "अहो, कैद्यांकडे वेळच वेळ होता." अगदी खरं. पण आपणही हा छंद वेळ घालवण्यासाठीच करतो ना? घाई असेल तर जहाज तयारही मिळतं.

आता माझी यादी सांगते.

एक चांगला चाकू. सर्जिकल सामानाच्या दुकानात तीन नंबरची मूठ आणि तिला बसणारी अकरा नंबरची पाती मिळतात. डॉक्टरांचीच, टोकदार. त्याच दुकानात आर्टरी फोर्सेप आणि बारीक चिमटे घ्या, दोर बांधताना तेच तुमची बोटं होतात. सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्या दुकानातून सुईसारख्या कानशींचा एक संच आणि तारेसारख्या पात्यांची सोनारी करवत. हाताने फिरवायचं बारीक ड्रिल, ज्याला पिन वाइस म्हणतात ते, आणि अर्ध्या ते दीड मिलिमीटरची छिद्रं पाडणारी थोडी टोकं. एक सहा मिलिमीटरची पटाशी, एक बोटभर लांबीचा रंधा, पोलादी पट्टी आणि लहान गुण्या. पॉलिश पेपर तीन-चार नंबरचे. फेविकॉल. संपलं!

शिकंज्यांऐवजी वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे आणि रबरबँड. चिमट्याचे दोन पाय सुटे करून उलटे जोडले तर टोकं लांब आणि निमुळती होतात, अरुंद जागी शिरतात. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला एक चक्कर मारली तरी यातलं निम्मं सामान हाती लागतं. मागवण्यापेक्षा दुकानात जावं या मताची मी आहे. पटाशी हातात धरून पाहिल्याशिवाय ती आपल्या हाताला बसते का ते कसं कळणार?

दुसरा मुद्दा धारेचा, आणि माझ्या लेखी तो सगळ्यात महत्त्वाचा.

ज्यांनी जन्मभर विळीवर भाजी चिरली आहे त्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. बोट कापतं ते बोथट विळीवर. धारदार विळी भाजी कापते. बोथट विळीला जोर लावावा लागतो, जोर लावला की भाजी सटकते, आणि मग बोट तिच्या जागी जातं. चाकूचं, पटाशीचं अगदी तसंच. शिवाय बोथट पातं लाकूड कापत नाही, चिरडतं. मोठ्या खुर्चीच्या पायाला ते खपून जाईल, पण पाच मिलिमीटर रुंदीच्या पट्टीची कड चिरडली तर दोन पट्ट्यांमध्ये जी फट राहते ती शेवटपर्यंत डोळ्यांत खुपते.

धार लावायला महागडे दगड लागत नाहीत. जाड काचेचा एक तुकडा घ्या. त्यावर एक हजार आणि दोन हजार नंबरचे पाण्याचे पॉलिश पेपर चिकटवा. पटाशीचा उतार त्यावर पूर्ण टेकवून, थोडं पाणी लावून, एकसारखी ओढा. उताराचा कोन साधारण पंचवीस अंशांचा. मागच्या सपाट बाजूला बोटाला बारीक कोर जाणवली की समजायचं धार टोकापर्यंत पोचली. मग सपाट बाजू कागदावर आडवी ठेवून ती कोर काढायची आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर चार-सहा हात फिरवायचे. आपल्याकडे पूर्वी न्हावी वस्तरा पट्ट्यावर फिरवत तसंच. धार लागली की नाही हे अंगठ्यावर बघू नका. मऊ लाकडाच्या आडव्या कापावर पटाशी चालवा. चकचकीत पापुद्रा निघाला तर लागली. पांढरट भुसा पडला तर पुन्हा काचेकडे.

चाकूच्या पात्याला धार लावत बसू नका, ते बदला. पण जुनं पातं कचऱ्यात तसंच टाकू नका. कचरा उचलणाऱ्या बाईच्या हाताचा विचार करा. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून त्यात पाती टाकत जा.

आता मापाबद्दल. अठ्ठेचाळिसास एक म्हणजे एक फुटाला पाव इंच, हे प्रमाण जहाजांच्या प्रतिकृतींत फार जुनं. त्या मापात मूळची दहा इंच रुंद फळी सव्वापाच मिलिमीटरची होते आणि पावणेसहा फुटी खलाशी छत्तीस-सदतीस मिलिमीटरचा. इथे अर्धा मिलिमीटर चुकला तर मूळ जहाजावर ती चूक चोवीस मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक इंच! शहाण्णवास एक या मापात तीच चूक दोन इंचांच्या घरात जाते. म्हणून जितकं जहाज लहान तितकं सोपं, हा समज खोटा आहे. नवख्याने मापाने मोठं पण रचनेने साधं जहाज घ्यावं. एक-दोन डोलकाठ्यांचं. पहिल्याच फटक्यात एकशेचार तोफांचं 'व्हिक्टरी' करायला घेणारे बरेच असतात. सुताराचं मन बाभळीपाशी, मान्य आहे, पण आधी कळस मग पाया होत नाही.

आणि पायाच नीट पाहायला हवा. सगळ्यात प्रचलित पद्धतीत मधोमध एक उभा कणा असतो. त्याला आपल्याकडच्या होड्या बांधणाऱ्यांच्या भाषेत पठाण म्हणतात. त्यावर आडवे पडदे बसवायचे आणि पडद्यांवरून फळ्या गुंडाळायच्या. तयार संचात हे पडदे यंत्राने कापलेले येतात, त्यामुळे माणूस उत्साहाने लगेच फळ्या चिकटवायला लागतो. इथेच जहाज बिघडतं. पडद्यांच्या कडा कापताना चौकोनी कापलेल्या असतात, पण फळी तर नाळेकडे वळत जाते. म्हणून प्रत्येक पडद्याची कड त्या वळणाच्या उताराने घासून घ्यावी लागते. त्यासाठी एकाच वेळी तीन पडद्यांवर टेकेल एवढ्या लांब लवचिक पट्टीला पॉलिश पेपर चिकटवायचा आणि हलक्या हाताने फिरवायचा. मध्येमध्ये एक सुटी फळी सांगाड्यावर टेकवून पाहायची. ती प्रत्येक पडद्यावर पूर्ण रुंदीने टेकली पाहिजे, कुठे उंचवटा नको, कुठे खळगा नको. या कामाला दोन-तीन आठवडे लागले तरी लागू द्या. हे काम करणारं यंत्र मी ऐकलेलं नाही. तिथे बोटांची पेरं आणि डोळे एवढीच हत्यारं आहेत.

पुढे फळ्यांचा हिशेब, तोही पाचवी-सहावीच्या त्रैराशिकाचा. समजा जहाजाच्या मधल्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत नव्वद मिलिमीटर अंतर भरलं आणि फळी पाच मिलिमीटरची आहे, तर अठरा फळ्या बसतील. नाळेपाशी तेच अंतर चोपन्न मिलिमीटर असेल, तर तिथे प्रत्येक फळी तीन मिलिमीटरची झाली पाहिजे. म्हणजे प्रत्येक फळी टोकाकडे निमुळती करायची. हा हिशेब न करता सरळ फळ्या लावत गेलं की चार-पाच फळ्यांनंतर त्या एकमेकींवर चढायला लागतात, मग माणूस म्हणतो, "लाकूडच खराब आहे." नाचता येईना, अंगण वाकडं! फळी टोकाला अर्ध्याहून अरुंद करायची वेळ आली तर त्या जागी एक फळी कमी करावी, हा सर्वसाधारण नियम. आणि एक फळी डावीकडे, एक उजवीकडे अशीच लावत जा. एका बाजूला पाच-सहा लावून मग दुसरीकडे वळलात तर सांगाडा पिळला जातो.

फळी वाकवायला पाण्यात भिजवा, कपड्याच्या इस्त्रीच्या टोकाने शेक द्या, जागेवर चिमट्यांनी धरून रात्रभर वाळू द्या, आणि दुसऱ्या दिवशी चिकटवा. ओली फळी चिकटवली की वाळताना आकसते आणि फटी पडतात. चिकटवल्यावर बसली नाही असं दिसलं तर तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून थोडं थांबा, फेविकॉलची पकड सैल होते आणि फळी सुटते. ही सोय ज्या डिंकाला आहे तो मला तरी जवळचा वाटतो. क्षणात चिकटणारे डिंक विचार करायला वेळच देत नाहीत.

लाकडाबद्दल एक गैरसमज आहे. "जहाज म्हणजे सागवान." खऱ्या जहाजाला सागवान उत्तमच. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी सागवानात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे जपलेलं आहे. दोनशे वर्षं झाली! पण प्रतिकृतीत सागवानाचे रेषे आणि छिद्रं फार ठळक दिसतात. अठ्ठेचाळीस पटींनी मोठं करून पाहिलं तर फळीवर नाल्याच काढल्यात असं वाटेल. शिवाय सागात वाळूसारखी सिलिका असते, धार लवकर जाते, आणि तेलकटपणामुळे डिंकही नीट धरत नाही. त्यापेक्षा हळदू, ज्याला काही जण हेदू म्हणतात, ते घ्या. रेषे बारीक, रंग पिवळसर, कड स्वच्छ निघते. फळ्यांच्या लाकडी खिळ्यांसाठी बांबूच्या काड्या सोनाराच्या तार ओढायच्या पट्टीच्या छिद्रांतून ओढायच्या. तार जशी बारीक होत जाते तशीच काडीही.

'ट्रिंकोमाली'ची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तिचे नकाशे इंग्लंडहून 'जावा' नावाच्या जहाजातून मुंबईला निघाले होते. १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'चा पाडाव केला आणि नकाशे गेले. नवीन नकाशे येईपर्यंत काम थांबून राहिलं. लाकूड होतं, हत्यारं होती, पिढ्यान् पिढ्यांचे कसबी कारागीर होते, तरी थांबले. आपण मात्र नकाशा न उलगडता करवत हातात घेतो. कागदावर पेन्सिलीने घालवलेला वेळ कधी वाया जात नाही, हे मी वर्गात सांगत असे, इथेही सांगते.

आता जिथे पैसे खर्च करायला हवेत ते सांगते. धूळ! लाकडाचा बारीक भुसा हा कर्करोगाला कारण ठरणारा पदार्थ आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९९५ सालीच जाहीर केलं आहे. नाक आणि नाकामागच्या पोकळ्यांना त्याचा धोका. आपलं काम थोडं असतं हे खरं, पण बंद खोलीत, नाकापासून वीतभर अंतरावर आपण तासन् तास घासत बसतो. म्हणून एन-९५ मास्क लावा. करोनाने तो घराघरांत आणून ठेवलाच आहे. शिसवाच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज येते, श्वासाला त्रास होतो, ते घासताना विशेष जपा. झाडूने झाडू नका, धूळ पुन्हा हवेत जाते. ओल्या फडक्याने पुसा किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावा. (हा मोटरचा एकमेव अपवाद!) दुसरा खर्च दिव्याचा. उजव्या हाताने काम करणाऱ्याने दिवा डावीकडून घ्यावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. तिसरा भिंगाचा, आमच्या वयाला तर हवाच.

आणि एक बिनखर्ची युक्ती. टेबलाच्या कडेला एक जुना पंचा टाचून त्याचं दुसरं टोक कमरेला बांधा. पडलेला तुकडा मांडीवरच्या झोळीत येतो. नाहीतर जमिनीवर रांगत शोधत बसायचं, आणि या वयात खाली बसणं एक वेळ जमतं, उठणं जमत नाही!

यंत्रांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मी धुडकावून लावत नाही. ज्यांची बोटं संधिवाताने आखडली आहेत त्यांनी यंत्र जरूर घ्यावं. दोनशे सारख्या पट्ट्या कापायच्या असतील तर छोटी करवत हाताहून सरस, यातही वाद नाही. माझं म्हणणं इतकंच की जे काम हाताने एकदाही केलेलं नाही त्याचं यंत्र आणू नका. हाताने अर्धा मिलिमीटरचं छिद्र पाडताना टोक कधी अडकतंय ते बोटांना कळतं. आधी सुईने खूण करायची, मग सावकाश फिरवायचं, हे अंगवळणी पडतं. ज्याला हे कळलं आहे त्याच्या हातात यंत्र शोभतं. ज्याला नाही तो टोकांवर टोकं मोडत बसतो.

शेवटचा मुद्दा मुलांचा, आणि खरं तर त्यासाठीच एवढं सगळं लिहिलं. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या उद्योगातून शिक्षण ही कल्पना मांडली. पुढे शाळांमध्ये कार्यानुभव नावाचा विषय आला. चांगल्या हेतूने आला, पण बऱ्याच ठिकाणी तो पुठ्ठा, थर्माकोल आणि आदल्या रात्री आई-वडिलांनी करून दिलेल्या वस्तू यांवर येऊन थांबला. मुलांच्या हातातून आपण हळूहळू प्रत्येक धारदार वस्तू काढून घेतली, आणि मग म्हणतो, मुलांना कशातच लक्ष लागत नाही! धारदार चाकू हातात असला की लक्ष आपोआप लागतं. न लागून करेल काय?

दहा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाने शेजारी बसून चाकू धरायला शिकवावं. दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे, कापणं अंगापासून दूर, खालचं पातं पडायला लागलं तर झेलायचं नाही, पडू द्यायचं. चार नियम पाठ होईपर्यंत पुढे जायचं नाही. यंत्र मात्र त्या वयाच्या मुलाच्या हातात देता येत नाही. म्हणजे मोटरवाल्या टेबलापाशी नातवंडाला आपण "लांब हो" म्हणणार आणि पटाशीच्या टेबलापाशी "ये, बस" म्हणू शकणार. माझ्यापुरता वाद इथेच संपतो.

तेव्हा ज्यांनी विचारलं त्यांना उत्तर हे असं. या रविवारी काचेचा तुकडा, दोन पॉलिश पेपर आणि एक पटाशी आणा. जहाजाचा विचार सध्या बाजूला ठेवा. हळदूच्या तुकड्यावरून पहिला अखंड पापुद्रा निघेल त्या दिवशी मला फोन करा, मग कुठलं जहाज घ्यायचं ते आपण मिळून ठरवू.